ध्वनिचित्रण आणि शिकाऊ वैद्य
राँटजेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधले. परंतु विद्यार्थ्यांनीं सरावासाठीं ते एकमेकांवर सोडणें इष्ट नव्हे, कारण त्यांनीं पेशींस इजा पोंचण्याचा संभव असतो. सोनोग्राफींत ती भीति नाहीं. कानास न ऐकूं येणारा सूक्ष्म ध्वनि शरीरांत शिरून परततो आणि त्या प्रतिध्वनीचें चित्र पडद्यावर उमटतें. म्हणूनच अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना विद्यापीठानें २००६ पासून वैद्यकाच्या पहिल्याच वर्षीं हें यंत्र विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें. पुस्तकांतलें यकृत निश्चल. सोबत्याच्या बरगडीखालचें मात्र श्वासागणिक सरकतें, आणि हातांतला प्रोब जरा कलला कीं दिसेनासें होतें! ही हाताची जाण व्याख्यानानें थोडीच येणार? भारतांतली अडचण निराळी. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानें हें यंत्र नोंदलेल्या जागीं व अधिकृत हातींच राहतें. निर्बंध रास्तच आहे. तथापि त्यामुळें विद्यार्थ्यास बहुधा शिक्षकाच्या पाठीमागें उभें राहूनच पडदा पाहावा लागतो.