नायट्याचं मलम: घेण्याआधी वाचा, लावताना घाई नको

पावसाळा लागला की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एकाच तक्रारीची रीघ लागते. जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली गोल लालसर चट्टे, कडेला उठून दिसणारी खवलं आणि रात्री झोपू न देणारी खाज. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांत बुरशीबरोबर कधी जिवाणूही असतात. नायटा किंवा गजकर्ण म्हणतात तो आजार बुरशीचाच. त्वचा, केस आणि नखं ज्या केराटिनची बनलेली असतात, त्यावरच ही बुरशी जगते. घाम, ओल आणि घट्ट कपडे तिला पोसतात.

यावर चांगली औषधं आहेत आणि ती सहज मिळतातही. तरी वर्ष वर्ष नायटा अंगावर वागवणारी माणसं घरोघरी दिसतात. याची दोन मोठी कारणं आहेत: चुकीची ट्यूब, किंवा बरोबर ट्यूब पण अर्धवट लावलेली.

ट्यूबची मागची बाजू

मेडिकलच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम हातात पडतं. त्यात बुरशीचं औषध असतं, जिवाणूंचं असतं आणि जोडीला एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड बुरशी मारत नाही. ते त्वचेची प्रतिकाराची प्रतिक्रिया दाबतं, त्यामुळे बुरशीला रान मोकळं मिळतं. मलम बंद केलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो, त्याची गोल कड पुसट होते किंवा चट्ट्याच्या आत दुसरं कडं उमटतं. मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. महिनोन्‌महिने असं मलम जांघेत लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते आणि तिथे गर्भारपणात पोटावर येतात तसे व्रण पडतात. ते पुढे फिकट झाले तरी पूर्ण जात नाहीत.

म्हणून ट्यूब उलटून घटकांची नावं वाचा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल ही नावं कानाला जवळजवळ सारखीच लागतात आणि गफलत तिथेच होते. नायट्यासाठी ट्यूबमध्ये बुरशीचं एकच औषध असलेलं बरं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइडयुक्त मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले, तरी ती काउंटरवर सर्रास मिळतात. नियम कागदावर आहे, त्यामुळे ट्यूब वाचण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

भारतभर पसरलेल्या बुरशीच्या एका प्रजातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे स्वतंत्र नाव मिळालं. तिचे पुष्कळ वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद अमेरिकेत झाली. स्टेरॉइडची मलमं आणि अर्धवट उपचार यांचा या पसरण्यात मोठा वाटा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

मलम कसं लावायचं

आधी ती जागा साध्या साबणानं धुवा आणि पूर्ण कोरडी करा. बोटांच्या बेचक्या, स्तनाखालची घडी, जांघ इथे टॉवेलनं टिपून घ्या, घासू नका. ओल्या त्वचेवर लावलेलं मलम घामात मिसळून वाहून जातं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची एक रेघ काढा. प्रौढ माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला तेवढं पुरतं. जाड थर दिल्यानं गुण लवकर येत नाही, उलट घडीतली त्वचा ओलसर होऊन सोलते.

मलम फक्त लाल भागावर लावणं ही नेहमीची चूक. बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे सरकलेली असते, म्हणून चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. बाहेरून आत यावं, म्हणजे बोटाबरोबर ती कोऱ्या त्वचेवर जात नाही. नंतर हात धुवा. वर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नका. डोळे आणि तोंड यांपासून मलम दूर ठेवा. गुप्तांगांवर लावण्याच्या काही मलमांमुळे निरोधाचं रबर कमजोर होतं, तेही लक्षात असू द्या.

काही मलमं दिवसातून एकदा लावायची असतात, काही दोनदा. पाकिटावर एक-दोन आठवड्यांची मुदत छापलेली दिसली, तरी आपल्याकडच्या सध्याच्या हट्टी नायट्याला डॉक्टर बहुधा चार आठवडे किंवा जास्त काळ सांगतात. खाज आठवड्यात थांबते, बुरशी थांबत नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे मलम चालू ठेवावं. लावल्यावर थोडं चुरचुरणं चालतं. पण सूज, फोड किंवा वाढती आग झाली तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

लसूण चोळणं, चुना किंवा रॉकेल लावणं यानं त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी जिवाणू शिरतात. हे उपाय टाळावेत.

नखांना धीर लागतो

पिवळं, जाड, ठिसूळ झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. सोरायसिस आणि जुना मारही तसाच दिसतो. म्हणून महिनोन्‌महिन्यांच्या उपचारापूर्वी नखाचा भुगा तपासणीला देणं शहाणपणाचं.

संसर्ग एक-दोन नखांच्या टोकापुरता असेल तर लॅकर, म्हणजे नखावर लावायचं पातळ औषध, उपयोगी पडतं. अमोरोल्फिन आठवड्यातून एकदा-दोनदा, सायक्लोपिरॉक्स साधारणपणे रोज. लावण्याआधी नख कानशीनं घासून पातळ करा, स्पिरिटनं पुसा, मग लॅकर लावून वाळू द्या. ही द्रव्यं पेट घेणारी असतात, म्हणून पेटत्या गॅसजवळ लावू नका. ती कानस चांगल्या नखांना वापरू नका, घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. उपचार चालू असताना नेलपॉलिश आणि चिकटवायची नखं बाजूला ठेवा.

हाताचं नख पूर्ण नवं यायला सुमारे सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष. दोन महिन्यांत काहीच फरक नाही म्हणून बाटली टाकून देऊ नका. मुळाशी नवं, स्वच्छ नख दिसू लागलं की औषध लागू पडतंय असं समजावं.

मलमानं भागत नाही तेव्हा

डोक्यावरचा नायटा, अंगभर पसरलेले चट्टे, अर्ध्याहून जास्त किंवा मुळापर्यंत बिघडलेलं नख, या सगळ्यांना बहुधा पोटातून गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. मधुमेह, गर्भारपण, लहान मूल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर स्वतःहून काही सुरू करू नका. मधुमेह्याच्या पायाला भेग पडली किंवा पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचाही उपचार सोबतच करा. नाहीतर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. टॉवेल वेगळा, अंतर्वस्त्रं सुती आणि सैल, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेले. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

आणि दवाखान्यात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या, रिकाम्या, शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. स्टेरॉइड किती दिवस लावलं हे कळलं तर निदान आणि औषध दोन्ही बदलतात. ते बरेच महिने लावलं असेल तर कसं थांबवायचं, हेही त्यांनाच विचारा.