भाजी वाढवा, पण भात कमी करा

फळे-भाज्या भरपूर खाल्ल्या की वजन आपोआप उतरते, ही समजूत अर्धीच खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. त्यात बटाटा धरत नाही. १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ किलोकॅलरी असतात, शिजलेल्या भातात सुमारे १३०, तर बहारीनच्या लाडक्या खजुरात २८०च्या आसपास. भाजीतले पाणी आणि तंतू पोट भरतात. पण भाताचा ढीग तसाच ठेवून शेजारी कोशिंबीर वाढली, तर एकूण कॅलरी घटणार कशा? २०१४ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातही निव्वळ फळे-भाज्या वाढवून वजन घटल्याचे दिसले नाही. भाजीने भाताची जागा घ्यायला हवी.

फळांतही साखर असतेच की, असा आक्षेप येतो. पण फळ अख्खे खाल्ले की रस करून प्यायले, याने फरक पडतो. १९७७च्या एका प्रयोगात अख्खे सफरचंद, त्याचा गर आणि रस यांची तुलना झाली; रसाने सर्वांत कमी समाधान दिले. मधुमेह आणि लठ्ठपणाने ग्रासलेल्या बहारीनने २०१७च्या डिसेंबरअखेर शीतपेयांवर ५० टक्के कर लावला, तो योग्यच होता. पण घरचा ताजा रसही तहानेसाठी नको, फळ चावूनच खावे. वाळवंटी बेटावर भाजी महागच पडणार, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण बहुतेक अन्न आयात होते. तरी हिवाळ्यात बुदैयाच्या शेतकरी बाजारात स्थानिक भाजी मिळते, आणि उन्हाळ्यात गोठवलेला मटार किंवा पालक पोषणात फारसा उणा नसतो.