जीवशास्त्राची परीक्षा : तपासायचे ते नेमके काय?

बारावीचे निकाल लागले की गुणपत्रिकांची तुलना सुरू होते. राज्य मंडळाचे ऐंशी, केंद्रीय मंडळाचे ऐंशी, इंग्लंडच्या 'ए लेव्हल'ची 'ए' श्रेणी आणि आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटमधील सातपैकी सहा ही सारी मापे जणू एकाच तराजूतली आहेत, असे मानून पालक, महाविद्यालये आणि क्वचित शिक्षकही निष्कर्ष काढतात. विषयाचे नाव एक असले, तरी या परीक्षा विद्यार्थ्याच्या निरनिराळ्या शक्ती मोजतात, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते.

मेंडेलच्या द्विसंकराचेच उदाहरण घ्यावे. हा पाठ चारही ठिकाणी आहे. आपल्याकडे नियम सांगा, तक्ता मांडा, गुणोत्तर लिहा, असा प्रश्नाचा परिचित साचा असतो. ९:३:३:१ हे उत्तर लिहिले की गुण पदरात पडतात. परंतु १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंडेलच्या निबंधातील प्रत्यक्ष आकडे असे सुबक नव्हते. दुसऱ्या पिढीतील ५५६ बियांपैकी गोल पिवळ्या ३१५, गोल हिरव्या १०८, सुरकुतलेल्या पिवळ्या १०१ आणि सुरकुतलेल्या हिरव्या ३२ होत्या. काटेकोर गुणोत्तराने गोल पिवळ्या ३१२.७५ भरावयास हव्यात. ही तफावत योगायोगाची की नियमच चुकला असे मानण्याजोगी, हा खरा शास्त्रीय प्रश्न. 'ए लेव्हल'चा विद्यार्थी अशा आकड्यांना संख्याशास्त्राची कसोटी लावून त्याचे उत्तर देतो. आपला विद्यार्थी गुणोत्तर पाठ म्हणतो. त्यामागचा संशय आणि त्याचे निरसन यांच्याशी त्याची गाठ पडतेच असे नाही.

हा फरक बुद्धीचा नव्हे, परीक्षेच्या रचनेचा आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात निव्वळ ज्ञान सांगण्यासाठी ३० ते ३५ टक्केच भार ठेवला आहे. उरलेला भार ज्ञानाच्या उपयोजनाचा आणि पुराव्याच्या विश्लेषणाचा. लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रयोगविषयक समजुतीला असून किमान बारा प्रयोगांतील प्रत्यक्ष हातोटीची नोंद श्रेणीपासून अलग केली जाते. बॅकलॉरिएटमध्ये २० टक्के भार विद्यार्थ्याने स्वतः योजलेल्या संशोधनाला असतो. त्याच्या तीन हजार शब्दांपर्यंतच्या अहवालाला शिक्षक गुण देतात आणि त्यांतील काही नमुने बाहेरचे परीक्षक पुन्हा तपासतात.

महाराष्ट्रात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी विभागणी आहे. केंद्रीय मंडळाचीही तीच. मात्र त्या मंडळाने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेतील निम्मा भार क्षमताधिष्ठित प्रश्नांकडे वळविला. कागदावर पाहता प्रात्यक्षिकाचे ३० गुण इंग्लंडहून उदार दिसतात. परंतु ते हातचे मानले गेले आणि प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरविली गेली, तर त्या उदारतेला अर्थ उरत नाही.

याहून मोठा पेच प्रवेश परीक्षेने निर्माण केला आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. नव्वद प्रश्न, चार पर्यायांतून एक, आणि चूक झाल्यास एक गुण वजा. गुणवत्ता यादी तिच्यावरच ठरते. बारावीचे गुण पात्रतेपुरते. खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के पुरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाचे टोक पाहण्यात दुपार घालवावी, की पाठ्यपुस्तकातील ओळ न् ओळ घोकावी? विद्यार्थ्याने दुसरा मार्ग पत्करला, तर दोष त्याचा नव्हे. परीक्षा जे मागते तेच वर्गात शिकविले जाते.

परदेशी पद्धती निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. स्वतंत्र संशोधनाला सुसज्ज प्रयोगशाळा आणि मोजके विद्यार्थी लागतात. घरची मदत व संगणकाने लिहून दिलेला मजकूर यांचा धोकाही तेथे आहेच. आपल्या राज्यात सर्व शाखा मिळून दरवर्षी चौदा लाखांच्या आसपास विद्यार्थी बारावीला बसतात. वैयक्तिक अहवालांचा हा डोंगर तपासणार कोण? पर्यायी प्रश्नांची परीक्षा निदान परीक्षकाच्या लहरीपासून मुक्त असते, हेही मान्य करावे लागेल.

तथापि काही सुधारणांना पैसा नव्हे, निश्चय लागतो. लेखी परीक्षेत अपरिचित आकडेवारीवर किंवा आलेखावर एक सक्तीचा प्रश्न घालता येईल. वर्षभरात केलेल्या प्रयोगांवर, 'द्रावणाची तीव्रता दुप्पट केली असती तर काय दिसले असते?' अशा धर्तीचे प्रश्न लेखी परीक्षेतच विचारता येतील. प्रयोग न करता वही भरणाऱ्याला तेथे अडखळावे लागेल. प्रात्यक्षिकाच्या गुणांची नमुना-फेरतपासणी करता येईल. मंडळामंडळांतील मूल्यमापनात समानता आणण्यासाठी २०२३ साली 'परख' हे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे. केवळ गुणांची समानता साधून त्याने थांबू नये. प्रश्न काय मागतो, याची समानता आधी पाहावी.

उद्याचा डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहील, तेव्हा त्याच्यापुढे चार पर्याय छापलेले नसतील. तेथे लक्षणे असतील, अपुरे आकडे असतील, आणि नियमात न बसणारी तफावत असेल. त्या तफावतीकडे पाहण्याची सवय लावायची असेल, तर तिचा आरंभ बारावीच्या प्रश्नपत्रिकेतच झाला पाहिजे.