कॅट पुन्हा देण्याचा निर्णय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजेच आयआयएमच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी होणारी कॅट ही सामायिक प्रवेश परीक्षा वर्षातून एकदाच, बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस घेतली जात असल्याने, ती पुन्हा देणे म्हणजे त्या संस्थांमधील प्रवेश किमान एका वर्षाने पुढे ढकलणे होय. तरुण वयातील एक वर्ष ज्यावर अवलंबून आहे असा हा निर्णय अनेकदा निकालाच्या निराशेत आणि ऐकीव माहितीच्या आधारे घेतला जातो; म्हणून त्यामागचे रूढ समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : परीक्षा पुन्हा दिल्यास आधीचा कमी निकाल आड येतो.

वस्तुस्थिती : कॅट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही आणि वयाचीही अट नाही. गुणपत्रक पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच वैध राहते व प्रवेशासाठी त्या-त्या वर्षीचेच गुण धरले जातात. त्यामुळे दोन वर्षांच्या गुणांची सरासरी काढली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशी विद्यापीठांसाठी दिल्या जाणाऱ्या जीमॅटची रीत वेगळी आहे. तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, दोन प्रयत्नांमध्ये सोळा दिवसांचे अंतर पुरते आणि कोणते गुण पाठवायचे हे उमेदवाराला ठरवता येते. म्हणूनच जीमॅट पुन्हा देण्याविषयीचा सल्ला कॅटला जसाच्या तसा लागू पडत नाही.

गैरसमज २ : नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण.

वस्तुस्थिती : पर्सेंटाइल, म्हणजेच शततमक, हा किती टक्के परीक्षार्थी मागे राहिले हे सांगणारा आकडा असून त्यातून केवळ तुलनात्मक स्थान कळते. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार परीक्षार्थींनी कॅट दिली, तेव्हा ९८ आणि ९९ पर्सेंटाइल यांच्यामधील एका अंकाच्या अंतरात सुमारे २,९०० जण होते. मधल्या गुणांवर परीक्षार्थींची दाटी असल्यामुळे तेथे थोडे गुण वाढले तरी स्थान बरेच वर जाते. अगदी वरच्या टोकाला मात्र अर्धा अंक वाढवण्यासाठीही अनेक गुण जास्त मिळवावे लागतात. शिवाय बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे असे एक चुकलेले उत्तर बरोबर आले असते तर एकूण चार गुणांचा फरक पडला असता. निकालाचा विचार करताना आधी हे गुण पाहावेत आणि मगच पर्सेंटाइलकडे वळावे.

गैरसमज ३ : आणखी एक वर्ष अभ्यास केला की गुण आपोआप वाढतात.

वस्तुस्थिती : वाढ अभ्यासाच्या मुदतीपेक्षा कमी गुणांचे कारण सापडण्यावर अधिक अवलंबून असते. कॅटमध्ये भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग असून प्रत्येकाला चाळीस मिनिटे बांधून दिलेली असतात. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्याकडे वळवता येत नाही. अनेक संस्था एकूण पर्सेंटाइलबरोबरच प्रत्येक विभागासाठी वेगळी किमान मर्यादा, म्हणजे कटऑफ, ठेवतात, आणि त्यामुळे एकूण निकाल उत्तम असूनही एका विभागातील कमतरतेपायी मुलाखतीची संधी हुकू शकते. सराव परीक्षांतील गुण प्रत्यक्ष निकालापेक्षा सातत्याने बरेच अधिक असतील, तर आजारपण, दडपण किंवा प्रश्नांची चुकीची निवड यांमुळे क्षमता प्रकट झाली नाही असे मानण्यास आधार मिळतो. दोन्हीकडचे गुण सारखेच असतील, तर अभ्यासाची पद्धत बदलल्याशिवाय पुढील निकाल वेगळा लागण्याची शक्यता थोडीच असते.

गैरसमज ४ : पर्सेंटाइल वाढले की प्रवेश निश्चित झाला.

वस्तुस्थिती : कॅटचे गुण हा निवडीचा एक भाग आहे. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव व मुलाखत यांना संस्था आपापल्या जाहीर निकषांनुसार भार देतात, आणि शालेय व पदवीचे गुण परीक्षा कितीही वेळा दिली तरी बदलत नाहीत. म्हणून इच्छित संस्थेच्या निकषांत आपली कमतरता कॅटमुळे आहे की अन्य घटकांमुळे, हे आधी मांडून पाहावे. कॅट पुन्हा देऊन केवळ पहिल्या प्रकारची कमतरता दूर होऊ शकते.

गैरसमज ५ : पुन्हा तयारी करायची तर नोकरी सोडावीच लागते आणि वर्षभर थांबावेच लागते.

वस्तुस्थिती : नोकरी टिकवून तयारी केल्यास अनुभवाची भर पडते, तर रिकाम्या गेलेल्या वर्षाविषयी मुलाखतीत विचारणा होऊ शकते. थांबण्याआधी अन्य परीक्षांचाही विचार व्हावा, कारण एक्सॅट जानेवारीत होते आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी त्यानंतर काही महिन्यांत. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेचे दार या सीईटीमुळे उघडते; मात्र अडीच तासांत दोनशे प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, असे तिचे स्वरूप राहिलेले असल्याने तिथे वेगाला अधिक महत्त्व असते आणि सराव त्या बेताने करावा लागतो.

कमी गुणांचे कारण ओळखता आले आहे, ते बदलता येण्याजोगे आहे आणि त्या वाढीव गुणांनी इच्छित संस्थेच्या निकषांत खरोखर फरक पडणार आहे, या तिन्ही गोष्टींची खात्री असेल तर कॅट पुन्हा देणे सर्वथा योग्य ठरते व त्यात कमीपणा मानण्याचे कारण उरत नाही. यांपैकी एकाही बाबतीत उत्तर नकारार्थी असेल, तर हाती असलेला चांगला प्रवेश स्वीकारणे किंवा अनुभव वाढवणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.