तेंदूच्या पानामागची पहाट

कामठीत, गोंदियात, सोलापुरात आजही अनेक घरांत बायका बिडी वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि शेजारी भिजवलेल्या पानांची चवड. या कामात केस पांढरे झालेल्या एका खालांना आम्ही विचारले, हे पान येते कुठून? त्या हसून म्हणाल्या, "ठेकेदार देतो." पान ठेकेदाराच्या हातात येण्याआधी कोणाच्या हातात होते, ते पाहण्यासाठी आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलाकडे निघालो.

इथल्या जंगलाची दोन पिके माणसांना हाताशी धरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, मे महिन्यात तेंदूची पाने. मोहफूल रात्री उमलते आणि पहाटे टपटप गळते. रमजानमध्ये आपण सहरीला उठतो, जवळपास त्याच वेळी इथली बाई टोपली घेऊन घराबाहेर पडते. उशीर केला तर हरणे आणि गुरे फुले खाऊन जातात, अस्वलाला तर मोहाचा भारीच सोस. तेंदूचेही तसेच. ऊन चढण्याआधी पाने तोडायची, घरी आणायची, सगळ्या घराने बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हा हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. वळवाची एक सर आली की पान खराब.

आता यात वाघ कुठून आला?

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य 1986 सालचे, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. बफरसह त्याचे क्षेत्र सुमारे 1,700 चौरस किलोमीटर आहे. वाघ जपले गेले, वाढले. आज एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ असल्याचे सांगतात, आणि त्यांतले बरेचसे प्रकल्पाच्या हद्दीबाहेर राहतात. यात नवल नाही. बछडा दोन वर्षांचा झाला की आईला सोडतो आणि स्वतःचा मुलूख शोधू लागतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात त्याला तो सापडतो. भाताची शेते, मधूनमधून झुडपी जंगल, गावोगावी मालगुजारांच्या काळातले तलाव. भर उन्हाळ्यात या तलावांत थोडे पाणी असते, काठाला गारवा असतो, शेतात रानडुक्कर येते. वाघाला आणखी काय हवे? तिथूनच वैनगंगा ओलांडून ते गडचिरोलीत शिरले. तिथे कित्येक वर्षे वाघ जवळजवळ दिसेनासा झाला होता.

काही वाघांना माणसे दूर नेऊन सोडतात. 2024 च्या अखेरीस ताडोबातील झीनत नावाची वाघीण ओडिशातील सिमिलीपालला पाठवली. ती तिथून निघून झारखंडमार्गे थेट बंगालच्या बांकुऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथे तिला पकडावे लागले. (नाव वाचून आमच्या घरच्या झीनत फुप्पी खूश झाल्या होत्या.) वाघ नकाशातली रेघ मानत नाही, एवढे तिने सगळ्यांना दाखवून दिले.

पण पाने तोडणारी बाई वाकलेली असते. तेंदूची झुडपे कमरेएवढी, फुले तर जमिनीवरच. उभा माणूस वाघ सहसा टाळतो. झुडपात बसलेली, हळूहळू सरकणारी आकृती त्याला चार पायांचे जनावर वाटू शकते, असे जाणकार म्हणतात. सुंदरबनात मध काढायला जाणारे लोक याचसाठी डोक्याच्या मागे मुखवटा बांधत, कारण वाघ पाठीमागून येतो. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात 13 माणसांचा जीव घेणारा 'सीटी-1' वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये जेरबंद करावा लागला होता.

मृताच्या वारसांना सरकार 25 लाख रुपये देते. रक्कम लहान नाही. तरी आम्हाला एक गोष्ट खटकते. वाघ पाहायला येणाऱ्याकडून जिप्सीचे, हॉटेलचे पैसे रोज जमा होतात, आणि वाघाच्या शेजारी राहणाऱ्याला मोठी रक्कम मिळते ती घरातले माणूस गेल्यावर. जिवंतपणी तिला पुड्यांच्या हिशेबाचे पैसे, तेही फळी बंद झाल्यावर कधीतरी.

सगळीकडे हेच चित्र आहे असे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. कोणत्या भागात पाने तोडायची, कोणत्या भागात यंदा जायचे नाही, हे ठरवणे गावाच्या हातात आले की सावधगिरीही गावाचीच होते. ताडोबाच्या बफरमधील गावांत तरुणांची पथके आहेत. वाघाचा माग दिसला की ती लोकांना तिकडे जाऊ देत नाहीत. मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुले लवकर गोळा होतात, बाई कमी वेळ वाकलेली राहते आणि जंगलाला आग लागण्याची भीतीही कमी होते.

एका गावात आम्ही एका काकूंना विचारले, एक वर्ष नाही गेलात तर? त्यांनी पुडा बांधता बांधता मान वर केली. मृगाच्या आधी धानाचे बियाणे आणि खत आणायचे असते, पोरीची शाळेची वही-पुस्तके आणायची असतात, आणि ते पैसे दुसरे कोण देणार, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे या पानाचे काय करतात हो?"

आम्ही खालांबद्दल सांगितले. दिवसभर बसून हजार बिड्या वळल्या तरी किती थोडी मजुरी मिळते, तेही सांगितले. काकू काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही बाईच."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा उशिरा, उजाडल्यावर, सहा जणींबरोबर मोठमोठ्याने बोलत रानात गेल्या.