हलकी तिपाई

मंडळी, नवापूरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर फोटो घ्यायचा, तर कॅमेऱ्याची झडप अर्धा सेकंदही उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. प्रवासाला दीड किलोची तिपाई पुरे. पण घेताना सर्वांत खालची, बारीक नळी पाहा. पाच भागांचा पाय पिशवीत छान मावतो, वाऱ्यात मात्र थरथरतो. चार भागांचा बरा. उघडताना जाड भाग आधी. मधला दांडा वर काढू नका. त्यानं तिपाईची एकपाई होते! दांड्याला पिशवी अडकवा, पण वाळूला टेकेल अशी. अधांतरी राहिली तर झोके घेते. पाय दाबून रोवा, आणि लाट येण्याआधी उचला. परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायची, बरं का. खार सांध्यांत बसला की पाय उघडत नाहीत.