पडद्यावरून तळ्याकाठी

मोबाइलचा पडदा माणसाला निसर्गापासून तोडतो, ही तक्रार अर्धीच खरी आहे; त्याच पडद्यावरची चित्रं निसर्गाकडे नेऊही शकतात. नागपूरचे व्यंगचित्रकार रोहन चक्रवर्ती २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरची चित्रमालिका काढतात. त्यांनी चितारलेल्या मुंबईच्या जैवविविधता-नकाशात बिबट्या आणि रोहित पक्षी शहराचे रहिवासी म्हणून भेटतात. चित्रात प्राणी उगाच गोंडस होतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ओळखीवाचून आस्था येत नाही आणि ओळख चित्र करून देतं. म्हैसूरच्या सरस्वतीपुरमलगतच्या कुक्करहळ्ळी तलावावरचा पेलिकन घ्या. चोचीवरचे ठिपके, खालची लोंबती झोळी रेखाटनात एकदा निरखली की तो नुसता ‘मोठा पांढरा पक्षी’ राहत नाही. तुमच्याही तळ्याचा असा नकाशा काढा आणि काठावर जाऊन तो पडताळा.